कळवणच्या विहिरीवरील खोपे

नाशिकाहून दिंडोरी–वणीच्या मार्गानें कळवणास जाणाऱ्या प्रवाशाची नजर बहुधा एकाच ठिकाणीं खिळते, आणि तें ठिकाण म्हणजे सप्तशृंगीचा गड. गाडींतील निम्मीं माणसें नांदुरीस उतरतात. उरलेलीं गडाकडे पाहून हात जोडतात आणि पुन्हां आपापल्या पिशव्या सांभाळूं लागतात. वास्तविक याच वाटेवर आणखी एक गोष्ट घडते, पण ती कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. सातमाळेची रांग ओलांडली म्हणजे आपण गोदावरीचें खोरें सोडून गिरणेच्या खोऱ्यांत येतों. अलीकडच्या उतारावरचा पाऊस पूर्वसमुद्रास जावयाचा आणि पलीकडचा गिरणेंतून तापीला मिळून पश्चिमसमुद्रास. गेल्या श्रावणांत आम्ही ही रांग ओलांडली तेव्हां वरून सारखी भुरभुर चालली होती, आणि गड ढगांत असल्यामुळें हात कोणत्या दिशेस जोडावे याचाच गाडींत वाद लागला होता.

आमचे एक जुने स्नेही मराठीचे शिक्षक म्हणून आयुष्य घालवून आतां कळवणास स्थायिक झाले आहेत. "चार दिवस येऊन राहा" असें त्यांचें कित्येक वर्षांचें बोलावणें होतें. घरांत त्यांच्या मातोश्री, पत्नी आणि नाशिकास प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षांत शिकणारी कन्या. जोडून आलेल्या सुट्ट्यांमुळें तीही घरीं आली होती.

कळवण पाहण्याजोगें आहे असें कोणी सांगत नाहीं, आणि कळवणकरांचाही तसा आग्रह नाहीं. तालुक्याचें गांव जसें असावें तसें तें आहे: बाजारपेठ, कचेऱ्या, खतांचीं व बियाण्यांचीं दुकानें, गांवाबाहेर पडलें कीं कांद्याच्या चाळी. पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यांतून कोकणा आणि भिल्ल मंडळी बाजारास येतात. त्या बाजूस पाऊस दांडगा, म्हणून भाताचीं खाचरें. पूर्वेकडे सरकावें तसतशीं बाजरी आणि मक्याचीं शेतें लागतात, मधून ऊस दिसतो. गिरणा या दिवसांत तांबूस पाण्यानें भरून वाहते. वरच्या अंगास चणकापूरचें धरण आहे. परंतु ज्यासाठीं आम्ही हा लेख लिहावयास बसलों, तें यांपैकीं कांहीं नव्हे. तें एका विहिरीवर टांगलेलें होतें.

अभोण्याच्या रस्त्यानें अर्ध्या तासाच्या चालीवर स्नेह्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचें शेत आहे. त्यांस सर्व गांव नाना म्हणतें. शेतांत दगडी बांधणीची जुनी विहीर. मोटेचे दिवस गेले, तरी थारोळ्याचा दगड अजून जागच्या जागीं आहे. विहिरीच्या कांठीं तीन बाभळी वाढल्या असून त्यांच्या फांद्या चोहोंकडे पसरल्या आहेत. त्या फांद्यांस सुगरण पक्ष्यांचे खोपे लोंबत होते. आम्हीं मोजले ते बावीस भरले. कांहीं पुरे, खालीं लांब नळी सोडलेले. कांहीं अर्धवट, एखादें शिरस्त्राण उलटें टांगावें तसे. आणि कांहीं ठिकाणीं नुसत्या हिरव्या तंतूंच्या चार गांठी. पाऊस क्षणभर थांबला होता आणि सर्व झाडावर एकच किलबिलाट चालला होता.

घरीं येऊन आम्हीं ही हकीकत सांगितली, तेव्हां आजी म्हणाल्या, "सुगरण खरीच गुणाची हो. एवढंसं पांखरूं, पण घर कसं बांधते!"

कन्या म्हणाली, "आजी, ती नाहीं गं बांधत. तो बांधतो."

"तो कोण?"

"तो सुगरण."

येथें आमच्या स्नेह्यांच्या आंतला व्याकरणाचा शिक्षक जागा झाला. "सुगरण" हा शब्द पुल्लिंगी चालवावयाचा कसा, हा प्रश्न त्यांनीं गंभीरपणें पुढें मांडला, आणि त्या रात्रीं जेवणें होईपर्यंत तो सुटला नाहीं. भाषेची ही अडचण उगीच आलेली नाहीं. मराठी माणसानें घर नेटकें दिसलें कीं त्यामागें बाईचा हात आहे असें गृहीत धरलें, आणि पांखराचें नांव त्यावरूनच पडलें. गिरणा पुढें ज्या जळगांवच्या मुलखांत उतरते, तेथें असोद्यास जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनीं खोप्यावर रचलेली कविता मराठी घरांतील मुलांस तोंडपाठ असते. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, त्यांचीं गाणीं पुस्तकरूपानें आलीं, आणि खोप्याचें सारें श्रेय पिलांसाठीं झटणाऱ्या मादीच्या नांवें कायमचें जमा झालें. आईच्या मायेची ती कविता आहे. ती खोटी ठरवावयाची कोणास इच्छा नाहीं. परंतु विणकाम नराचें, ही गोष्ट कन्येनें आम्हांस दुसऱ्या दिवशीं सकाळीं विहिरीवर नेऊन डोळ्यांनीं दाखविली.

हंगामांत नराच्या डोक्यावर व छातीवर सोन्यासारखा पिंवळा रंग चढतो, आणि गाल व गळा काळपट तपकिरी होतात. मादी मात्र चिमणीसारखी साधी. नर उसाच्या किंवा गवताच्या पात्यास कडेला चोंचीनें खांच पाडतो, ती कड धरून उडतो, आणि त्याच्या उडण्यासरशी पात्याचा लांब तंतु सुटून येतो. वीतभरापासून हात-सव्वा हातापर्यंत लांबीचे हे तंतु तो फांदीभोंवतीं गुंडाळून, ओढून, एकमेकांत ओंवून गांठी मारतो. एका खोप्यासाठीं पांचशेंपर्यंत खेपा होतात आणि पुरा खोपा व्हावयास सुमारें अठरा दिवस लागतात. त्यांपैकीं पहिल्या आठएक दिवसांत शिरस्त्राणासारखा अर्धा भाग तयार होतो, आणि येथें काम थांबतें. थांबतें तें थकव्यानें नव्हे. घर पाहावयास येणारीची वाट पाहावयाची असते.

हा सर्व व्यवहार नीट उलगडला तोही महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर, आणि एका माणसाच्या बेकारीमुळें. डॉ. सलीम अली १९३० सालीं जर्मनींतून पक्षिशास्त्राचें शिक्षण घेऊन परतले, तों मुंबईंतील त्यांची व्याख्यात्याची जागा पैशाच्या टंचाईमुळें रद्द झालेली. दुसरें काम मिळेना, तेव्हां पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीम येथें राहावयास गेले. तेथें सुगरणींची एक वसाहत होती. रिकाम्या दिवसांचा त्यांनीं असा उपयोग केला कीं पुढील वर्षीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानें या पक्ष्याच्या संसाराविषयींच्या जुन्या समजुतींची घडी मोडली. नर अर्धा खोपा बांधून ठेवतात. मग माद्यांचा घोळका येतो. मादी खोप्यांत शिरून तपासणी करते. पसंत पडला तर तेथेंच राहते, आणि मगच नर अंड्यांची खोली व खालची नळी पुरी करतो. आंतली मऊ बिछायत काय ती मादी आपल्या हातची घालते. ती अंड्यांवर बसली न बसली तोंच नर शेजारीं दुसरा खोपा बांधावयास घेतो आणि दुसरीची वाट पाहतो. मादीही पुढें दुसऱ्या घरीं जाऊं शकते. एकपत्नीव्रताचा दाखला सुगरणीवरून देणाऱ्यांनीं तो आतां मागें घ्यावा हें बरें. किहीमचें हें काम पुढेंही चालू राहिलें, व्ही. सी. आंबेडकर यांचा भारतांतील सुगरण पक्ष्यांच्या प्रजननावरील ग्रंथ मुंबई विद्यापीठानें १९६४ सालीं प्रसिद्ध केला.

आम्हीं विहिरीवर तीन सकाळी काढल्या. पहिल्या दिवशीं तीन नर निवडून त्यांवर लक्ष ठेवावयाचें ठरलें. पहिल्याचा खोपा इतका रेखीव कीं जणू मागावरचें काम. तो विहिरीच्या कठड्यापासून पुरुषभर उंचीवर, एका जाड फांदीस टांगलेला होता. दुसऱ्याचा बरा म्हणावा असा, मधल्या फांदीवर. तिसऱ्याचा मात्र ओबडधोबड, एका बाजूनें तंतु सुटलेले. पण झाडाच्या अगदीं शेंड्याकडे, बोटाएवढ्या बारीक डहाळीस, दाट कांट्यांत. आमचा कौल अर्थात् पहिल्यास. स्नेह्यांचाही तोच. नाना पाठीमागें फवारणीचा पंप खांद्यावर घेऊन उभे होते. ते म्हणाले, "मादी विणकाम नाहीं बघत, गुरुजी. ती फांदी बघते." एवढें बोलून ते मक्यांत शिरले.

आठच्या सुमारास माद्या आल्या, सहा-सात असतील. झाडावर जो गोंधळ उडाला त्यास तुलना नाहीं. जो तो नर आपल्या खोप्यास खालून लटकून पंख फडफडवूं लागला आणि लांब चीत्कार करूं लागला. एक मादी आमच्या रेखीव खोप्यांत शिरली, आडव्या दोरीवर बसली, चोंचीनें दोन तंतु ओढून पाहिले आणि निघून गेली. तिच्यामागून आणखी तिघी येऊन गेल्या. नर प्रत्येक वेळीं तितक्याच उत्साहानें लोंबकळत होता. आमच्या स्नेह्यांस तें पाहवेना. मुलींच्या बापांनीं आजवर जें भोगलें तें या बिचाऱ्याच्या नशिबीं आलें, असें ते हंसत म्हणाले. पण बोलून गेल्यावर कन्येकडे पाहून एकदम गप्प झाले. त्याचें कारण आम्हांस ठाऊक होतें. देवघराच्या फळीवर चार दिवसांपासून एक पत्र पडलें होतें. पुण्याच्या एका घरचें होतें. मुलगी पाहावयास येत्या महिन्यांत येऊं, असा त्यांत मजकूर होता.

माणसाच्या रीतिभाती पांखरांवरून ठरवावयाच्या नसतात हें आम्ही जाणतों, आणि जे लेखक कोल्हा-कावळ्यांवरून संसाराचे धडे देतात त्यांचें आम्हांस फारसें कौतुक नाहीं. तरीही मादी निवड करते ही कल्पनाच विद्वानांस किती काळ रुचली नाहीं, हें पाहण्यासारखें आहे. डार्विननें १८७१ सालीं मनुष्याच्या उत्पत्तीवरील आपल्या ग्रंथांत ती मांडली: मोराचा पिसारा, पक्ष्यांचें गाणें हीं माद्यांच्या आवडीमुळें पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलीं. त्याचा सहविचारी वॉलेस यानें हा भाग मानला नाहीं. पक्ष्याच्या मादीस इतकी रसिकता कोठून, हा त्याचा आक्षेप. पुढें अनेक दशकें हा विचार बाजूस पडला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुन्हां उचलला गेला. इंग्लंडांतील व्हिप्स्‌नेड येथें मॅरियन पेट्री यांच्या मंडळींनीं मोरांच्या पिसाऱ्यावरील डोळे मोजले, आणि अधिक डोळ्यांचे मोर लांडोरींस अधिक पसंत पडतात असें १९९१ सालीं दाखविलें. तों जपानांत सात वर्षें मोर पाहणाऱ्यांनीं २००८ सालीं सांगितलें कीं आमच्या लांडोरी पिसाऱ्याकडे पाहून निवड करतातसें दिसत नाहीं. तात्पर्य, लांडोरीच्या मनांत काय आहे हें अजून पुरतें कोणास सांपडलेलें नाहीं. आपल्या सड्यांवर गळ्याची निळी-काळी-नारिंगी पिशवी फुलवून मादीपुढें मिरवणाऱ्या सरड्यांच्या एका गणास २०१६ सालीं शास्त्रज्ञांनीं "सरडा" हेंच मराठी नांव दिलें, आणि त्यांतील एका जातीस डार्विनचें. ही बातमी कन्येनें सांगितली तेव्हां आमच्या स्नेह्यांस फार आनंद झाला. लॅटिनच्या पंक्तीस मराठी शब्द बसला, आणि तोही निर्विवाद पुल्लिंगी.

परंतु मोर आणि सुगरण यांत एक भेद आहे. मोर लांडोरीस पिसाऱ्यावांचून कांहीं देत नाहीं. अंडीं घालावयाची जागासुद्धां तिची तिनेंच शोधावयाची. सुगरण नर घर देतो. तेव्हां मादी नराकडे पाहते कीं घराकडे, आणि घरांत काय पाहते, हा खरा प्रश्न. आम्हीं मनाशीं एक सुबक उपपत्ति रचली होती: हजारों पिढ्या माद्यांनीं वाईट विणकाम नाकारलें, म्हणूनच नर असा कसबी झाला, सुगरण हें नांव मादीस शोभतें, कारण कारागिरास घडविणारी तीच. रात्रीं अंगणांत खाटेवर बसून ती उपपत्ति आम्हीं कन्येस मोठ्या समाधानानें ऐकविली. तिनें ती शांतपणें ऐकून घेतली आणि मग सुहेल कादर यांच्या संशोधनाची हकीकत सांगितली. यांनीं २००५ च्या सुमारास नेमका हाच प्रश्न तपासला. मादीच्या निवडींत विणकामाच्या बारकाव्यापेक्षां खोप्याची जागा अधिक वजनदार ठरते असें त्यांस आढळलें: झाडावर उंच असलेले, बारीक फांदीस टांगलेले खोपे तिला हवे असतात. नाना आठवींत शाळा सोडलेले. त्यांनीं तो निष्कर्ष खांद्यावर पंप घेऊन एका वाक्यांत सांगितला होता.

मग इतकें रेखीव विणकाम कोणासाठीं, हें आम्हीं विचारलें. वारा आणि साप यांच्यासाठीं असावें, असें तिचें मत पडलें. खोपा सैल असेल तर वादळांत अंड्यांसह खालीं येतो, आणि लांब नळी नसेल तर साप आंत शिरतो. तेथें पसंती-नापसंतीचा प्रश्नच राहत नाहीं. आफ्रिकेंतील याच कुळांतील एका पक्ष्याची मादी ताज्या हिरव्या खोप्यासच पसंत करते, आणि वाळून गेलेला खोपा नर स्वतः उसवून नवा बांधतो. म्हणजे एकाच कुळांतही घरोघरच्या रीति निराळ्या.

आजी इतका वेळ वाती वळीत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नाच्या वेळीं आईनें हेंच केलं. यांच्या घराचीं दारं नक्षीचीं होतीं, सगळे तींच पाहत बसले. आईनें विचारलं, विहीर किती लांब, आणि पावसांत वाट राहते कां." मग जरा थांबून म्हणाल्या, "मला मात्र कोणी नेलं नाहीं पाहायला."

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. कन्या उठून आंत गेली.

चौथ्या दिवशीं सकाळीं आम्ही विहिरीवर पोंचलों तों तिसऱ्याच्या, त्या ओबडधोबड खोप्यांत मादी बसलेली होती. दुसरी एक मादी जवळ येतांच तिनें तिला पिटाळून लावलें. नर खालच्या बाजूस नळीचे पहिले तंतु ओंवीत होता, आणि खरें सांगावयाचें तर आतांही त्याचें काम कांहीं सुधारलेलें नव्हतें. आमचा रेखीव कारागीर कठड्यापाशीं अजून लटकत होता. दुपारपर्यंत त्याच्याकडे कोणी आलें नाहीं. नानांनीं आमचा पराभव बोलून दाखविला नाहीं. फक्त एक पडलेला जुना अर्धा खोपा उचलून हातीं दिला आणि "आजीला द्या" म्हणाले.

तो खोपा पाहून आजींचा उत्साह वाढला. त्याच्या आंतल्या भिंतीस वाळक्या चिखलाचा एक गोळा चिकटलेला होता. सुगरण या चिखलांत काजवा चिकटवून रात्रीं घरांत उजेड करते, असें त्यांनीं लहानपणीं ऐकलें होतें. देशांत पुष्कळ ठिकाणीं ही समजूत आहे. नर अर्धवट खोप्यास चिखल लावतात हें खरें. काजव्याची गोष्ट मात्र निरीक्षणांत टिकलेली नाहीं. आम्हीं तसें सांगितलें, पण आजींनीं ऐकलें नाहीं. चष्मा लावून त्यांनीं तो गोळा ताटलींत घेतला, बोटांनीं हलकेच फोडला, आणि चिमूट चिमूट माती बाजूस करून पाहिली. काजवा निघाला नाहीं.

"मग चिखल कशाला?"

हलका खोपा वाऱ्यानें फार झुलूं नये म्हणून वजन असावें, असा एक तर्क आहे, असें कन्येनें सांगितलें.

"मग वजन म्हणा कीं," आजी म्हणाल्या, आणि खोपा त्यांनीं देवघराच्या फळीवर, त्या पत्राशेजारीं ठेवला. मग पत्र उचलून मुलाच्या हातीं दिलें. "लिही त्यांना. आधीं आमची मुलगी तुमच्याकडे येऊन घर पाहून जाईल म्हणावं. मी येतें तिच्याबरोबर."

स्नेही म्हणाले, "आई, अशी पद्धत नाहीं."

"ठाऊक आहे मला."

कन्या दारांत उभी होती. तिनें कांहीं आग्रह केला नाहीं. फक्त एवढेंच म्हणाली कीं लिहाल तर तिच्या परीक्षेनंतरची तारीख लिहा.

आम्ही निघालों तेव्हां पत्र टेबलावर होतें आणि कागदावर "सप्रेम नमस्कार" एवढेंच लिहून झालें होतें. आठ दिवसांनीं स्नेह्यांचा निरोप आला. शेंड्यावरच्या खोप्याची नळी पुरी झाली आहे. त्या नरानें शेजारच्या डहाळीवर दुसऱ्या खोप्याची गांठ मारली आहे. कठड्याजवळचा आपला खोपा रिकामाच आहे. निरोपाच्या शेवटीं त्यांनीं विचारलें होतें कीं सुगरण या शब्दास "सुगरणा" असें पुल्लिंग चालेल कां. पत्राविषयीं त्यांत कांहीं नव्हतें.